धाब्यावरून वाचलेलं शुभवर्तमान

अहिराणीचा एक जुना छापील नमुना हवा असेल तर तो कुठे सापडतो? जॉर्ज ग्रियर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात. हा भाग १९०७ साली छापला गेला. त्यात खान्देशी म्हणजेच अहिराणी आहे, तिच्या शेजारी भिल्ली बोल्या आहेत, मावची आहे, पावरी आहे, देहवाली आहे. आणि या बोल्यांतून सांगितलेली गोष्ट आहे येशूची: उधळ्या पुत्राचा दाखला, लूकचं शुभवर्तमान, अध्याय १५.

धाकला आंडोर (मुलगा) बापाकडे वाटणी मागतो, परमुलखात पैसा उडवतो, दुष्काळ पडतो, डुकरं राखायची वेळ येते, शेवटी तो घरी परततो. ग्रियर्सनने भारतभरातल्या बोल्यांसाठी हीच एक गोष्ट पहिला नमुना म्हणून निवडली, आणि त्याचं कारण व्याकरणाचं होतं. एवढ्याशा गोष्टीत मी-तू-तो ही तिन्ही सर्वनामं येतात, नामाच्या बहुतेक विभक्ती येतात, आणि वर्तमान, भूत, भविष्य हे तिन्ही काळही येतात. भारतीय वाचकांच्या भावना दुखावू नयेत म्हणून शब्दांत किरकोळ फेरफारही करण्यात आले. मूळ गोष्टीत शेवटी पोसलेलं वासरू कापून मेजवानी होते, हे ध्यानात घेतलं की असा फेरफार का लागला ते कळतं.

म्हणजे खान्देशची बोली अभ्यासकांच्या कागदावर उतरली ती बापलेकाच्या या गोष्टीतून. आज तर अहिराणीतला नवा करार मोबाइलवर वाचता येतो. पण या लेखाचं म्हणणं त्याहून थोडं पुढचं आहे. शुभवर्तमानं समजून घ्यायला लागणाऱ्या कितीतरी किल्ल्या खान्देशच्या माणसाच्या कमरेलाच लटकलेल्या आहेत. शेत, धाबं, विहीर, सालदारकी, कर्ज. हे सगळं ज्याने पाहिलंय त्याला येशूचे दाखले समजावून सांगायला फारसं कुणी लागत नाही.

छप्पर उकरता येतं का?

मार्कच्या दुसऱ्या अध्यायात चौघे जण एका लुळ्या माणसाला बाजेवर घालून आणतात. दारात इतकी गर्दी की आत शिरता येत नाही. मग ते छपरावर चढतात, छप्पर उकरतात आणि रुग्णाला बाजेसकट खाली सोडतात, थेट येशूच्या पुढ्यात.

सिमेंटच्या स्लॅबखाली वाढलेल्या वाचकाला हे अशक्य वाटतं. धुळे-जळगावकडच्या जुन्या गावात वाढलेल्याला वाटत नाही. लाकडी सर टाकायचे, त्यावर काटक्या नि पाला अंथरायचा, मातीचा जाड थर द्यायचा आणि पावसाळ्याआधी खारी माती टाकून घ्यायची, हे आपलं धाबं. गालीलातली घरंही बहुतांशी अशीच होती. लाकडाचे वासे, फांद्या, वर चोपलेली माती. बाहेरून जिना, कारण छपरावर धान्य वाळवायचं, उन्हाळ्यात झोपायचं, शेजाऱ्याशी बोलायचं. छप्पर उकरायला कुदळ-फावडं पुरतं, आणि नंतर दुरुस्तीही होते. खाली बसलेल्यांच्या डोक्यावर मात्र माती पडली असणार, आणि घरमालक काय म्हणाला असेल ते मार्कने लिहिलेलं नाही!

आता खरी गंमत. हीच गोष्ट लूकने पाचव्या अध्यायात सांगितली, तेव्हा छप्पर कौलारू झालं. त्याच्या गोष्टीत माणसं कौलं काढून रुग्णाला खाली सोडतात. लूक लिहीत होता ग्रीक शहरांत राहणाऱ्या वाचकांसाठी, आणि तिथली घरं कौलांची. त्याने आपल्या वाचकाला दिसेल असं घर उभं केलं. चार शुभवर्तमानं का, एकच का नाही, याचं उत्तर या कौलांत बरंचसं सापडतं. प्रसंग एकच असतो, पण सांगणारा बदलतो आणि समोर बसलेली माणसंही बदलतात.

चाड्यावर मूठ नसेल तर

पेरणाऱ्याचा दाखला खान्देशच्या शेतकऱ्याला प्रथम ऐकताना खटकतो. थोडं बी वाटेवर पडतं, थोडं खडकाळीत, थोडं काटेरी झुडपांत, उरलेलं चांगल्या जमिनीत. असा कसा हा पेरणारा? तिफणीच्या किंवा पाभरीच्या चाड्यावर मूठ धरून पेरणाऱ्या बाईच्या हातून बी वाटेवर जात नाही. तासातच पडतं.

उत्तर पेरणीच्या पद्धतीत आहे. तिकडे बी मुठीने फोकत. शेतातून मळलेली पायवाट जायची, चुनखडीचा कातळ कितीतरी ठिकाणी वितीवर असायचा. फोकणाऱ्याचं थोडं बी वाया जायचंच, त्यात हलगर्जी नव्हती. ऐकणाऱ्यांना ते रोजचं दृश्य होतं.

त्यांचे कान टवकारले असतील ते शेवटी. तीसपट, साठपट, शंभरपट! त्या काळच्या गव्हा-जवाला दहापट उतारा आला तरी तो चांगला मानला जाई, असं अनेक अभ्यासक म्हणतात. ज्वारीच्या एका कणसात हजाराच्या घरात दाणे मोजणाऱ्या आपल्याला शंभराचं नवल वाटणार नाही. म्हणून हा दाखला वाचताना ज्वारी बाजूला ठेवावी आणि खडकाळ रानातला गहू डोळ्यांपुढे आणावा. मग शंभरपटीचा धक्का बसतो.

मोहरीचंही तसंच. आपल्याला मोहरी म्हणजे फोडणी. तिकडची काळी मोहरी माणसाच्या उंचीच्या वर जाते. रोमन लेखक प्लिनी पहिल्या शतकात तिच्याबद्दल लिहितो की एकदा पेरली की ती जागा तिच्यापासून सोडवणं कठीण, बी पडलं की लगेच उगवतं. देवाच्या राज्याला देवदारासारख्या डौलदार वृक्षाची उपमा देता आली असती. येशूने दिली ती आवरता न येणाऱ्या, परसभर पसरणाऱ्या रोपट्याची. ही निवड मला फार धीट वाटते.

समुद्र केवढा, वाट केवढी

गालीलचा ‘समुद्र’ हे गोड्या पाण्याचं सरोवर आहे. लांबी सुमारे २१ किलोमीटर, रुंदी सुमारे १३, क्षेत्रफळ १६६ चौरस किलोमीटरच्या आसपास. पैठणचा नाथसागर भरला की याच्याहून मोठा असतो. मात्र गालीलचं पाणी समुद्रसपाटीच्या २०० मीटरहून अधिक खाली, डोंगरांच्या मधोमध. वरची थंड हवा अचानक खाली उतरते आणि पाणी खवळतं. शुभवर्तमानांत शिष्यांच्या नावेला गाठणारं वादळ म्हणजे तिथलं नेहमीचं हवामान.

नासरेथ ते यरुशलेम सरळ रेषेत सुमारे १०५ किलोमीटर. धुळे-जळगाव अंतराहून थोडंच जास्त. बेथलेहेम यरुशलेमपासून जेमतेम ९ किलोमीटर. सगळी गोष्ट दोन-तीन जिल्ह्यांएवढ्या मुलखात घडते, आणि बहुतेक सगळी पायी.

यरुशलेम ते यरीहो ही चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातली वाट: लुटलेल्या वाटसरूला दोघे टाळून जातात, तिसरा, शोमरोनी, मदत करतो. अंतर जळगाव-भुसावळएवढं, पण तेवढ्यात उतार सुमारे १००० मीटरचा. ओसाड डोंगर, वळणं, दरोडेखोरांना लपायला जागा. चाळीसगावहून कन्नडचा घाट रात्री एकट्याने चढलेल्या जुन्या गाडीवानांना ती वाट न बघताच कळली असती.

दुपारची विहीर

योहानाच्या चौथ्या अध्यायात येशू प्रवासाने थकून विहिरीपाशी बसतो. वेळ भर दुपारची. एक शोमरोनी बाई एकटीच पाणी भरायला येते.

इथे खान्देशचा वाचक थांबतो. थांबलंच पाहिजे. पाणी भरायचं सकाळी नाहीतर सांजेला, आणि तेही चार बायांच्या संगतीने. भर उन्हात एकटी बाई घागर घेऊन निघाली तर तिच्या पाठीशी काहीतरी कहाणी आहे. योहानाने वेळ सांगितली ती उगाच नाही. पुढच्या संवादात ती कहाणी बाहेर येते.

दुसरी गोष्ट त्याहून बोचरी. येशू तिच्याकडे पाणी मागतो आणि ती चकित होते. यहुदी माणूस शोमरोनी बाईच्या भांड्यातलं पाणी पिणार? दोन समाजांत तो व्यवहार नव्हता. पाश्चात्त्य पुस्तकांत हे समजवायला पानभर टीप लागते. महाराष्ट्रात लागत नाही. कोणत्या विहिरीवर कुणी जायचं, कुणाच्या भांड्याला कुणी शिवायचं, हे इथे पिढ्यान् पिढ्या ठरवून दिलेलं होतं, आणि १९२७ साली महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना तळ्याचं पाणी प्यायला हजारोंसह जावं लागलं. त्या विहिरीपाशी येशूने मागितलेला घोट किती मोठी रेघ ओलांडत होता, ते आपल्याला आतून कळतं. कळायला हवं.

येशूचा एका व्यक्तीशी झालेला शुभवर्तमानांतला सगळ्यात लांब संवाद याच बाईशी आहे, असं मानलं जातं. तिचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. शिष्य परत येतात तेव्हा त्यांना आश्चर्य वाटतं ते हा बाईशी बोलतोय याचं. ती घागर तिथेच टाकून गावात जाते आणि गाव घेऊन येते.

याकोबाची म्हणून दाखवली जाणारी ती विहीर आजही नाबलूसला आहे, ४० मीटरच्या आसपास खोल. शोमरोनी समाजही संपलेला नाही. एक हजारापेक्षा कमी माणसं उरली आहेत, पण आहेत. गरिज्जीम डोंगरावर आणि तेल अवीवजवळ होलोन इथे.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला संपतो तेव्हा येशू विचारतो, तिघांपैकी शेजारी कोण ठरला? प्रश्न विचारायला आलेल्या शास्त्र्याच्या तोंडून ‘शोमरोनी’ हा शब्दच निघत नाही. दया करणारा, एवढंच तो म्हणतो.

जक्कय आणि उंबर

जक्कय हा यरीहोचा मुख्य जकातदार, बुटका आणि श्रीमंत. गर्दीत येशू दिसेना म्हणून झाडावर चढला. मराठी भाषांतरात ते झाड उंबराचं आहे, आणि हे बरोबर बसतं. तिकडचं झाड आपल्या उंबराचा सख्खा चुलतभाऊ, खोडाला फळं लगडणारं, खालूनच फांद्या फुटणारं. बुटक्याला चढायला सोपं.

रोमन अमलात कर वसुलीचे ठेके दिले जात, आणि ठेकेदार ठरल्याहून जास्त उकळत. म्हणून जक्कयच्या घरी येशू उतरायला गेला तेव्हा लोक बिथरले. मग जक्कयने अर्धी मालमत्ता गरिबांना आणि फसवलेल्यांना चौपट परत देण्याचं जाहीर केलं. त्याला कुणी उपदेश केल्याची नोंद लूकमध्ये नाही. त्याच्याकडे कुणीतरी पाहुणा म्हणून आलं, एवढंच घडलं.

६ कोटी दिवसांची मजुरी

शुभवर्तमानांतले आकडे वाचताना घाई करू नये. हिशेब केला की दाखल्याचा रंग बदलतो.

एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. एक तालांत म्हणजे सुमारे ६००० दीनार. मत्तयच्या १८ व्या अध्यायात एका चाकरावर राजाचं कर्ज आहे १०,००० तालांत. करा गुणाकार: ६ कोटी दिवसांची मजुरी, म्हणजे १ लाख ६० हजार वर्षांहून अधिक! इतिहासकार योसेफस सांगतो की गालील आणि पेरिया या दोन्ही प्रांतांतून हेरोद अंतिपाला वर्षाला २०० तालांत मिळत. म्हणजे त्या चाकराचं कर्ज गालीलच्या राजाच्या ५० वर्षांच्या उत्पन्नाएवढं. राजा ते माफ करतो. बाहेर पडताच हाच चाकर एका सोबत्याचा गळा धरतो. कशासाठी? १०० दीनारांसाठी, सव्वातीन महिन्यांच्या मजुरीसाठी. पहिलं कर्ज दुसऱ्याच्या ६ लाख पट होतं.

सावकाराच्या वहीवर अंगठा उठवलेल्या घरांत या दाखल्याला टीप लागत नाही.

मत्तयच्याच विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याचा मालक पहाटे मजूर आणतो, मग ९ वाजता, १२ वाजता, ३ वाजता आणि शेवटी संध्याकाळी ५ वाजता. दिवसअखेर सगळ्यांना सारखाच एक दीनार. पहाटेपासून राबलेले चिडतात, आणि त्यांचं चिडणं रास्त वाटतं. पण मजूर अड्ड्यावर उन्हं चढेपर्यंत उभं राहून ज्याला कुणीच नेलं नाही, त्याच्या बाजूने हा दाखला वाचून पाहावा. पाच वाजता आलेल्यांना मालक विचारतो, दिवसभर इथे का उभे? ते म्हणतात, आम्हाला कुणी कामाला लावलंच नाही. एक दीनार म्हणजे घरच्या चुलीचा एक दिवस. त्याहून कमी दिलं तर पोरं उपाशी. आखाजीला सालदार ठरताना किती ज्वारी, किती पैसे यावर घासाघीस पाहिलेल्या माणसाला या मालकाचं वेगळेपण पटकन दिसेल.

एका बाईचं पीठ, सहा रांजण

खमिराच्या दाखल्यातली बाई ‘तीन मापं’ पीठ मळते. तीन मापं म्हणजे वीस किलोंच्याही वर. शंभरावर माणसांची पंगत! वरण-बट्टीच्या गावजेवणाला पीठ मळणाऱ्या बायांना या दाखल्याचा आकार लगेच कळेल. देवाचं राज्य कुठे दिसतं? तर एका बाईच्या पिठाने माखलेल्या हातांत.

काना गावच्या लग्नातले दगडी रांजण सहा होते. त्यांत मिळून साधारण ४७० ते ७०० लिटर पाणी मावायचं. लग्नातला द्राक्षारस संपला होता, तेव्हा या पाण्याचाच द्राक्षारस झाला. लग्नघराची अब्रू राहिली, आणि पुढचे दिवसही भागले असतील.

हरवलेलं नाणं शोधणारी बाई दिवा लावून घर झाडते. दिवसाउजेडी दिवा का? खिडकी नसलेल्या मातीच्या घरात दुपारीही अंधार. आणि लूकच्या या पंधराव्या अध्यायातले आकडे पाहा: शंभरातलं एक मेंढरू, दहातलं एक नाणं, दोनातला एक मुलगा. हरवण्याची टोचणी प्रत्येक गोष्टीत वाढत जाते. मेंढरांचं काय ते साक्री-शिंदखेडा भागातल्या ठेलाऱ्यांना विचारावं. रात्री वाघरीत मेंढरं कोंडून स्वतः तोंडाशी झोपणाऱ्याला, मेंढपाळ म्हणजेच दार हे योहानातलं रूपक नुसतं रूपक वाटणार नाही.

पुस्तकात नसलेल्या गोष्टी

पूर्वेकडून आलेले ज्ञानी तीन होते, असं मत्तय कुठेही म्हणत नाही. भेटी तीन होत्या: सोनं, ऊद, गंधरस. माणसांचा आकडा आणि नावं मागाहून आली.

गाईगुरं आणि गाढव नाताळच्या देखाव्यात असतात, जन्मकथेत नसतात. गव्हाणीचा उल्लेख तेवढा आहे. जन्मकथा सांगतातही दोघंच, मत्तय आणि लूक. मार्क आणि योहान थेट मोठ्या येशूपासून सुरुवात करतात. २५ डिसेंबर ही तारीख चौघांपैकी कुणीच दिलेली नाही.

सुईच्या नेढ्यातून उंट जाण्याची गोष्ट सांगताना पुष्कळ जण यरुशलेमात ‘सुई’ नावाचं एक बुटकं दार होतं असं सांगतात. अशा दाराचा प्राचीन पुरावा नाही. ही कथा येशूनंतर कित्येक शतकांनी निघाली. श्रीमंतांना जरा वाकून आत जाता यावं, अशी सोय या दाराने केली. येशूने ती केली नव्हती.

अध्याय आणि वचनांचे आकडेही मूळचे नाहीत. अध्याय तेराव्या शतकात पडले. आज वापरात असलेले वचनांचे आकडे रॉबेर एस्तिएन या छपाईदाराने १५५१ साली घातले. तोवर सगळा मजकूर सलग.

आणि पाच हजारांना जेवण! पुनरुत्थान सोडलं तर चारही शुभवर्तमानांत असलेला हा एकमेव चमत्कार. उधळ्या पुत्र आणि चांगला शोमरोनी हे दोघं मात्र फक्त लूककडे. लूकने लिहून ठेवलं नसतं तर ग्रियर्सनला दुसरी गोष्ट शोधावी लागली असती.

धुळ्याचा तुरुंग, फैजपूरचा मांडव

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरून घेत. ‘गीता प्रवचने’ तिथे जन्मली, हे खान्देशात शाळकरी मुलालाही माहीत असतं. त्याच विनोबांनी पुढे नव्या करारातली निवड करून ‘ख्रिस्तधर्म-सार’ तयार केलं, हे कमी लोकांना माहीत असतं. कुराणाचंही सार त्यांनी काढलं. दुसऱ्याचा ग्रंथ त्याच्या भक्ताच्या आदराने वाचायचा, ही त्यांची रीत होती.

१९३६ च्या डिसेंबरात, नाताळ होताच, जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं. त्यामागची कल्पना गांधीजींची. गांधीजींनी बायबल वाचलं विलायतेत विद्यार्थी असताना. आत्मचरित्रात ते मोकळेपणाने सांगतात की जुन्या करारातले काही भाग वाचताना झोप येई, पण डोंगरावरचं प्रवचन थेट हृदयाला भिडलं. ते प्रवचन म्हणजे मत्तयचे ५ ते ७ हे तीन अध्याय, १११ वचनं. मोठ्याने वाचलं तर पाव तासाचं काम.

आणि त्याच्याही आधी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’त येशूला बळीराजाच्या पंक्तीला बसवलं. शेतकऱ्यांच्या मुलखात याहून मोठा मान नाही.

कोण घेऊन आलं इथे

पश्चिम खान्देशात गेल्या शतकाच्या सुरुवातीपासून स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचं काम होतं. स्वीडनमध्ये जन्मलेल्या फ्रेडरिक फ्रान्सन याने १८९० साली अमेरिकेत ही संस्था काढली. नंदुरबारच्या एस. ए. मिशन हायस्कूलच्या नावातली ती दोन अक्षरं याच मिशनची. पूर्वेला भुसावळ, जळगाव, चाळीसगाव या रेल्वेच्या गावांत अलायन्स मिशन होतं. नवापूर तालुक्यात चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय आजही चालू आहे, आणि त्या पट्ट्यातल्या मावची बोलणाऱ्या गावांत शुभवर्तमान हे उपासनेचं पुस्तक आहे.

ओवीपासून सुबोध बायबलपर्यंत

मराठीने ही गोष्ट पहिल्यांदा मोठ्या ताकदीने सांगितली ती ओवीत. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्याला उतरला आणि १६१६ साली त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ रायतूरला छापलं गेलं. सुमारे ११ हजार ओव्या, मराठी भाषा पण रोमन लिपी. दुसऱ्या भागात येशूचं सगळं चरित्र. परदेशी माणसाने पुराणाचा घाट उचलला, कारण इथली माणसं गोष्ट कशी ऐकतात ते त्याने पाहिलं होतं.

१८०५ साली बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम केरीच्या छापखान्यातून मत्तयचं शुभवर्तमान मराठीत निघालं.

पंडिता रमाबाईंनी तर हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल सोप्या मराठीत आणलं. आपल्या केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बाया-मुलींना कळावं हा हेतू. अक्षरं जुळवण्याचं काम तिथल्याच बायांनी केलं. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, त्याआधी काम हातावेगळं झालं होतं. एका स्त्रीने एकहाती केलेलं एवढं भाषांतर, आणि आपण ते किती कमी वेळा आठवतो!

रेव्हरंड ना. वा. टिळकांना नवा करार मिळाला आगगाडीच्या डब्यात. नागपूरहून राजनांदगावला जाताना एका युरोपीय सहप्रवाशाने तो दिला. डोंगरावरच्या प्रवचनापाशी पोहोचल्यावर टिळकांना ते सोडवेना. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं. ते पुढे नेलं लक्ष्मीबाईंनी.

अलीकडचं नाव फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. आज कुणाला सुरुवात करायची असेल तर मी हेच पुस्तक हातात देईन.

पोथी आणि पाठभेद

धुळ्याला पाठभेद म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. इथे समर्थ वाग्देवता मंदिर आहे, शंकर श्रीकृष्ण देवांनी जमवलेल्या रामदासी पोथ्यांचं. इथे राजवाडे संशोधन मंडळ आहे, आणि ज्ञानेश्वरीची जुनी पोथी शोधून ती १९०९ साली छापणाऱ्या इतिहासाचार्य राजवाड्यांचा शेवट याच गावात झाला.

नव्या कराराची ग्रीक हस्तलिखितं ५ हजारांहून अधिक आहेत, आणि त्यांतही पाठभेद आहेत. चौथ्या शतकातल्या दोन सगळ्यात नावाजलेल्या पोथ्यांत मार्कचं शुभवर्तमान १६ व्या अध्यायाच्या आठव्या वचनाला संपतं. बाया रिकामी कबर पाहून घाबरून पळतात आणि कुणाला काही सांगत नाहीत. पुढची वचनं नंतरची. व्यभिचाराच्या आरोपाखाली पकडून आणलेल्या बाईची योहानातली प्रसिद्ध गोष्टही सर्वांत जुन्या पोथ्यांत नाही. या दोन पोथ्यांपैकी एक, कोडेक्स सिनायटिकस, ब्रिटनने १९३३ साली सोव्हिएत सरकारकडून १ लाख पौंडांना विकत घेतली, आणि तिच्यासाठी सामान्य लोकांनी वर्गणी काढली होती.

हे कळलं म्हणून श्रद्धा डळमळायला हवी असं मुळीच नाही. उलट, पिढ्यान् पिढ्या हाताने उतरवणाऱ्या त्या माणसांचं प्रेम दिसतं.

मग वाचायचं कसं?

चारही शुभवर्तमानं मिळून ८९ अध्याय, पावणेचार हजारांच्या आसपास वचनं. ज्ञानेश्वरीच्या ओव्या ९ हजार. म्हणजे भिण्यासारखं काही नाही.

सुरुवात मार्कपासून करावी. १६ अध्याय, सगळ्यात छोटं, आणि बहुतेक अभ्यासकांच्या मते सगळ्यात जुनं. जळगाव-धुळे एसटीच्या एका प्रवासात ते सहज संपतं. एका बैठकीत वाचलं तर त्याचा वेग कळतो. तुकड्या-तुकड्यांनी वाचलं तर तो हातातून निसटतो.

जमलं तर मोठ्याने वाचावं, चारचौघांत. येशूने स्वतः काहीही लिहून ठेवलं नाही. त्याच्या गोष्टी काही दशकं माणसांच्या तोंडी होत्या, मग कागदावर आल्या. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, ओव्या तोंडी होत्या, मुलाने आणि त्याच्या मावसभावाने टिपल्या म्हणून उरल्या. तोंडी शब्द किती टिकाऊ असतो याचा पुरावा आपल्या जिल्ह्यातच आहे.

प्रत्येक दाखल्याआधी विचारावं, समोर कोण बसलंय? उधळ्या पुत्राची गोष्ट येशू सांगतो ती कुरकुर करणाऱ्या धार्मिक लोकांना, कारण हा जकातदारांच्या पंक्तीला बसतो म्हणून ते नाराज आहेत. मग कळतं की त्या गोष्टीचं टोक थोरल्या भावाकडे आहे, जो दाराबाहेर रुसून उभा आहे. तो आत गेला की नाही, ते लूक सांगत नाही.

आणि एकच प्रसंग दोघांकडून ऐकावा. आशीर्वचनंच घ्या. मत्तयमध्ये येशू डोंगरावर चढून बसतो, लूकमध्ये खाली सपाटीवर उभा राहतो. मत्तय मनाच्या दीनपणाबद्दल आणि नीतिमत्त्वाच्या भुकेबद्दल बोलतो. लूककडे गरीब म्हणजे गरीब आणि भूक म्हणजे पोटाची भूक, आणि लगेच पुढे श्रीमंतांना आणि पोटभर जेवलेल्यांना खणखणीत इशारा. दोन्ही वाचावीत. पण पाऊस दगा देतो आणि कपाशीचा भाव पडतो त्या वर्षी, शिंदखेड्याच्या किंवा पारोळ्याच्या एखाद्या गावात, मी आधी लूक उघडेन.